मालकाचं उत्तर: माउंट कुकच्या पायथ्याशी बंद पडलेला हीटर आणि इतर तक्रारी

ताई, नमस्कार.

तुमचा अभिप्राय परवा रात्री वाचला. न्यूझीलंडच्या सहलीसाठी तुम्ही आमच्याकडून भाड्याने घेतलेली कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, काल सकाळी मी स्वतः तपासली आणि तुम्हाला चावी दिलेल्या सहकारी बाईंशी बोललो, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. तुमचं म्हणणं असं: माउंट कुकच्या पायथ्याशी दुसऱ्या रात्री हीटर बंद पडला, मुलं आणि सासूबाई पहाटेपर्यंत कुडकुडत बसल्या आणि आमचा फोन कोणी उचलला नाही. पुढे तळ्याकाठी मुक्काम केला तर 400 डॉलर दंड झाला. गाडी हळू चालते. आणि शेवटच्या बिलात डिझेलवरचा कर न सांगता लावला.

हीटरचं आधी सांगतो, कारण त्या रात्रीचं वाचून मला झोप लागली नाही.

तुम्ही राहिलात त्या, माउंट कुकच्या पायथ्याच्या व्हाइट हॉर्स हिल कॅम्पसाइटवर वीजजोडणी नाही. तिथे गाडीच्या आत जे काही चालतं ते आतल्या बॅटरीवर. इंजिनाची बॅटरी वेगळी असते. दिवे, फ्रीज, पाण्याचा पंप यांची वेगळी. हीटर डिझेल जाळतो खरा, पण त्याचा पंखा याच दुसऱ्या बॅटरीवर फिरतो. (मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग तर बाहेरची वीज जोडल्याशिवाय चालतच नाहीत, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.) ही बॅटरी 100 अँपिअर-तासांची (बॅटरीत किती वीज साठते त्याचं हे माप), लेड-ॲसिडची. तिच्यातली निम्मीच वीज वापरायची असते, त्याखाली गेलं की ती खराब होत जाते. थंडीच्या एका रात्रीत हीटर 15 ते 20 अँपिअर-तास घेतो, फ्रीज साधारण तेवढेच. म्हणजे नवीकोरी बॅटरीसुद्धा तिथे एकच रात्र निभावते. ती पुन्हा भरते गाडी चालताना. दुसऱ्या दिवशी तुम्ही किआ पॉइंटला चालत गेलात, गाडी जागेवरच होती. हे तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं, तर तुम्ही काय करणार?

त्यात बॅटरी नवी नव्हती. काल मी तिच्यावर भार टाकून पाहिलं तर ती जेमतेम 60 अँपिअर-तास देते. प्रत्येक भाड्याआधी आम्ही व्होल्टेज मोजतो, आणि ते बरोबर येत होतं. पण उभ्या गाडीत मोजलेलं व्होल्टेज बॅटरी भरलेली आहे एवढंच सांगतं. तिच्यात साठा किती उरलाय ते त्यातून कळत नाही. गाड्यांच्या धंद्यात असून ही तपासणी मी केली नाही. चूक माझी आहे.

फोनचं जास्त लागलं. तुम्ही रात्री दोन वाजता केलात आणि तो व्हॉइसमेलवर गेला. कोणी उचलला असता तर एका वाक्यात काम झालं असतं: इंजिन अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, मग हीटर पुन्हा लावा. म्हातारं माणूस आणि लहान मुलं गाडीत असताना एवढं एक वाक्य तुम्हाला मिळालं नाही, याबद्दल मी तुम्हा सगळ्यांची, विशेषतः सासूबाईंची, मनापासून माफी मागतो. आता रात्रीचा नंबर माझ्या स्वतःच्या फोनवर वळवला आहे.

दंडाचं. काचेवरचं हिरवं कार्ड सांगतं की गाडीत पक्की बसवलेली शौचाची सोय आहे आणि पाणी व सांडपाणी तीन दिवस सांभाळता येतं. 2023 च्या कायद्यापासून हे नियम कडक झालेत. पण मुक्काम कुठे करता येईल हे प्रत्येक भागाची कौन्सिल (तिथली नगरपालिका) ठरवते, आणि कार्ड असलं तरी पुष्कळ तळ्याकाठी रात्री राहायला मनाई असते. 'या गाडीने कुठेही राहता येतं' असं आमच्या बाई तुम्हाला बोलल्या होत्या. त्यांनी ते लगेच कबूल केलं. तेव्हा तो दंड आमचा.

गाडीच्या वेगाबद्दल मात्र मी सहमत नाही. सहा जणांची ही गाडी 3500 किलोंच्या वर जाते आणि अशा गाड्यांना न्यूझीलंडमध्ये ताशी 90 ची मर्यादा आहे, कारला 100 ची. फोनवरचा नकाशा कारचा वेळ दाखवतो. शिवाय एकेरी पूल येतात, तिथे लाल छोटा बाण आपल्या बाजूला असेल तर समोरून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावं लागतं. तुम्ही गाडी सावकाश चालवलीत हे चांगलंच केलंत.

डिझेलचा कर परत करता येणार नाही. इथे पेट्रोलवरचा रस्ताकर पंपावरच भरला जातो, डिझेलचा नाही. डिझेल गाडीच्या मालकाला दर 1000 किलोमीटरमागे तो सरकारकडून आधी विकत घ्यावा लागतो. तुम्ही चालवलेल्या किलोमीटरइतकाच तुमच्याकडून घेतला. करारात तो आहे, पण तिसऱ्या पानावर, बारीक इंग्रजी अक्षरांत. दिवसभराच्या विमानप्रवासानंतर ते पान तुमच्या हातात दिलं आणि पंचवीस मिनिटांत गाडी सोपवली, हे मला मान्य आहे. यापुढे पहिल्या अंदाजपत्रकातच हा आकडा मराठीत असेल. आणि थंडीच्या दिवसांत वीज नसलेल्या ठिकाणी सलग दोन रात्री ठरवणाऱ्यांना आम्ही एक रात्र माउंट कुकच्या अलीकडच्या ग्लेंटॅनर कॅम्पसाइटवर, वीज जोडून राहायला सांगू.

माउंट कुकच्या दोन्ही रात्रींचं भाडं काल तुमच्या कार्डावर परत पाठवलं आहे. बँकेत दिसायला चार-पाच दिवस लागतील. दंडाचे 400 डॉलर मी थेट कौन्सिलला भरले. त्यांचं स्मरणपत्र तुमच्या पत्त्यावर आलं तर पैसे भरू नका, त्याचा फोटो तेवढा मला पाठवा.