दहा फूट दोर

"साठ मीटर दोर आहे, आणि त्यातला दहा फूट द्यायला जीव जातोय!" परवापासून हे वाक्य कानात घोळतंय. मी कंजूष नाही. पण कुणाकुणाला सांगत फिरणार?

चढण्याजोगा कातळ शोधत आम्ही चार दिवस गाडी हाकत होतो. पहिला कडा पूर्वेकडे तोंड करून बसलेला, त्यामुळे सकाळी सकाळी तव्यासारखा तापलेला. दुसरा वालुकाश्माचा आणि रात्री पाऊस पडून गेलेला. ओला वालुकाश्म वरून सुकलेला दिसला तरी आतून कमजोर असतो. पकड उपटून हातात येते, म्हणून एक-दोन दिवस त्याला हात लावायचा नसतो. तिसऱ्याच्या वाटेवर एका गृहस्थांची मोटार चिखलात रुतलेली.

"डिकीत दोर दिसला तुमच्या. बांधा आणि ओढा."

मी समजावलं. चढाईचा दोर ताणला जावा म्हणूनच बनवतात. ८० किलो वजन नुसतं टांगलं तर एकेरी दोराला (म्हणजे एकट्यानेच वापरायच्या दोराला) १० टक्के आणि चाचणीतल्या पहिल्या पडण्याला ४० टक्के लांबण्याची मुभा मानकात आहे. त्यामुळेच पडणाऱ्याचं कंबरडं शाबूत राहतं. गाडीला बांधला तर तो आधी रबरासारखा लांबेल, मग हिसका देईल, आणि चिखलातली वाळू आत शिरून धागे कापत बसेल ती वेगळीच.

"म्हणजे माणूस चालतो, गाडी नाही?"

"माणूस हलका असतो."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुम्हीसुद्धा?"

मग दहा फूट कापून मागितला. मग बॅटरीची केबल आहे का, असं विचारत ते आमच्या डिकीत वाकले. गळक्या जुन्या बॅटरीच्या आम्लाची वाफ लागली तरी नायलॉन सडतो आणि वरून काही दिसत नाही, म्हणून मी दोराची पिशवी छातीशी धरली. झालं! ते बायकोकडे वळून म्हणाले, "बघ, तान्हं मूल असल्यासारखा धरलाय." शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने साखळी लावून गाडी काढली. आभार मानताना नजर माझ्यावरच. बरं, निघून जावं की नाही? नाही, सहकुटुंब कड्याखाली येऊन बसले.

मार्ग २८ मीटरचा. दोर खालच्या जोडीदाराकडून वर जातो आणि माथ्यावरून वळून परत खाली येतो, म्हणून वर जाऊन खाली उतरायचं तर तो किमान दुप्पट हवा, ५६ मीटर. आमच्या दोराची झिजलेली टोकं कापल्यावर ५७ उरला होता. हिशेब चोख! फक्त ते २८ मीटर चार मीटर उंचीवरच्या ओट्यापासून मोजलेले होते, आणि आम्ही सुरुवात केली होती जमिनीवरून. माहितीपुस्तिकेत हे एका बारीक टीपेत होतं. बारीक टीप वाचायला वेळ कुठे होता? आम्ही ट्रॅक्टरची वाट बघत होतो ना.

उतरताना मधेच थांबलो. दोर संपला, टोकाची गाठ बिलेच्या उपकरणाला, म्हणजे खालचा जोडीदार ज्यातून दोर सोडतो त्याला, येऊन टेकली. ती गाठ मारलेली नसती तर टोक निसटलं असतं आणि मी धाडकन खाली. ताणून ताणून जेवढा लांबायचा तेवढा दोर लांबला होता. मी लोंबकळत, आणि ओटा डाव्या बाजूला, हाताला न लागणारा.

खालून आवाज आला, "किती कमी पडला?"

माझ्या जोडीदाराने अंदाज घेतला आणि प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "दहा फूट."