फियाटचा घसा

गाडीचा सायलेन्सर कामातून गेला हे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं. आधी गल्लीला कळतं. समोरच्या काकूंनी एका सकाळी गेटवर अडवून मला विचारलं, "काय हो, घरच्या घरी गिरणी टाकलीत वाटतं? ज्वारी दळून देता का?" मी हसलो. कुणाकडे खरंच गिरणी आली असेल, असं मला वाटलं होतं.

आमची फियाट डिलाइट १९७१ ची. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसेक घोडे (त्यातले काही एव्हाना पेन्शनीत निघालेले), स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर आणि पुढच्या दाराला ती त्रिकोणी काच, जिच्यातून येणाऱ्या वाऱ्यावर आमचं बालपण गेलं. बाबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून घेतलेली. पुढे हिचीच पद्मिनी झाली, मुंबईत काळी-पिवळी होऊन फिरली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या रस्त्यावरून शेवटची टॅक्सीसुद्धा गेली. आमची मात्र इंदूरला लोकमान्यनगरात ठणठणीत आहे. म्हणजे होती.

मिस्त्रीने गाडीखाली शिरून पान्याने दोनदा ठोकलं. तिसऱ्यांदा ठोकायची गरज पडली नाही, कारण पाना आतच गेला.

"भिया, ये तो अंदर से गल गया. चलाते कित्ता हो?"

"रोज," मी छाती पुढे काढली. जुनी गाडी रोज चालवणारा माणूस म्हणून मला स्वतःबद्दल आदर आहे. "रोज सुबह पोहे खाने जाता हूँ."

"कित्ती दूर?"

"सवा किलोमीटर."

त्याने पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी डॉक्टर 'फक्त दोनच सिगारेटी ओढतो' म्हणणाऱ्याकडे टाकतात.

त्या दिवशी कळलं ते असं. लिटरभर पेट्रोल जळलं की त्यातून जवळजवळ लिटरभरच पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात. गाडी दहा-वीस किलोमीटर पळून नीट तापली, तर ही वाफ धुराबरोबर शेपटातून निघून जाते. सवा किलोमीटरमध्ये काही तापत नाही. वाफ थंड सायलेन्सरमध्ये शिरते, तिचं पाणी होतं, धुरातलं आंबटपण त्यात मुरतं, आणि मालक शेव-जिरावण घातलेल्या पोह्यांवर लिंबू पिळत असताना ते पाणी आतून लोखंड खात बसतं. बाहेरून रंग शाबूत. म्हणजे सायलेन्सर मीच खाल्ला होता, रोज एक प्लेट.

यावर उपाय म्हणजे नवा बसवणं. अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटलं होतं. चूक माझीच, कारण मी ही गोष्ट कुटुंबात बोललो.

पुण्याच्या भाच्याने फोनवर सांगितलं, "मामा, मफलरच्या बाबतीत कंजुषी करू नकोस." फोन स्पीकरवर होता. आई आतून म्हणाली, "मफलर आहेत की दोन. ट्रंकेत. डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, उन्हात टाकावे लागतील." मग तिला समजावलं, की अमेरिकन लोक सायलेन्सरलाच मफलर म्हणतात. आपण शब्द घेतला इंग्रजांकडून, म्हणून आपला सायलेन्सर. आणि मफलर गळ्याला राहिला. आईने शांतपणे विचारलं, "पण गाडीचा घसाच बसलाय ना?" या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

भाचा इंजिनिअर आहे. त्याला सरळ नळीचा सायलेन्सर हवा होता. म्हणजे मधून भोकाभोकांची एक नळी आरपार गेलेली, भोवती काचेचा कापूस ठासलेला, त्यावर पत्र्याचं पिंप. आवाज भोकांतून कापसात शिरतो, तिथे जिरतो आणि त्याची उष्णता होते. ही पद्धत मला ताबडतोब समजली, कारण आमच्या घरात ती गेली बावीस वर्षं वापरात आहे. सासरचं कोणी काही बोललं की बायको ते निमूट शोषून घेते. आवाज नाही. फक्त तापमान वाढतं.

दुसरी जात कप्प्यांची. पिंपात पडदे घालून दोन-तीन खोल्या केलेल्या असतात. आवाजाची लाट एका भिंतीवर आपटून परत फिरते, मागून येणाऱ्या लाटेला नेमकी उलटी भिडते, आणि दोघी एकमेकींना मारून टाकतात. हेसुद्धा आमच्या घरात आहे. ग्वाल्हेरचे काका आणि बडोद्याच्या आत्या. वडिलोपार्जित कुठलाही विषय निघाला की दोघं एकाच जोराने, नेमकं उलट बोलतात. निष्पत्ती शून्य. फियाटच्या बाबतीतही तेच झालं.

काका म्हणाले, "दणदणीत आवाज हवा. दादाची गाडी वाघासारखी गुरगुरायची. आणि तू इंदूरचा ना रे? होळकर महाराजांची ड्युसेनबर्ग आठव! नारिंगी-काळी, आणि नळ्या बॉनेटच्या बाहेरून काढलेल्या, लखलखीत!" यशवंतराव महाराजांची ती १९३० च्या दशकातली गाडी खरीच तशी होती. पण तिच्या पोटात आठ सिलिंडर होते, जवळपास सात लिटरचं इंजिन, वर सुपरचार्जर, आणि कंपनीचा दावा ३२० घोड्यांचा. आमच्या चाळीसांना बॉनेटबाहेरच्या नळ्या लावणं म्हणजे मुंजीच्या बटूला जिरेटोप घालण्यासारखं.

आत्या म्हणाल्या, "काहीतरीच! दादाची गाडी कधी आली कधी गेली कळायचं नाही, इतकी मऊ. पाकळीसारखी."

एकच गाडी, एकच दादा. मी समोरच्या काकूंना पंच नेमलं. त्या म्हणाल्या, "गिरणी. पहिल्यापासून गिरणी."

नळी किती जाड, हा आणखी एक वाद. भाच्याला अडीच इंची हवी होती, शिवाय मागे दोन तोंडं. मिस्त्री दीड इंचावर ठाम. "प्रेशर चाहिए भिया, प्रेशर. नी तो गाड़ी उठेगी नी." भाचा म्हणाला, हे अडाणीपण आहे, प्रेशर कोणत्याच इंजिनाला नको असतं. गंमत म्हणजे कारण मिस्त्रीचं चुकीचं होतं आणि इंच बरोबर होते. इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगायला नको. अरुंद गल्लीतून लोंढा वेगात सुटतो आणि मागच्यांना आपल्याबरोबर ओढत नेतो. तोच राजवाड्यासमोर मोकळ्यावर आला की पसरतो, रेंगाळतो, ओळखीचं कोण दिसतंय बघत उभा राहतो. धुराचंही तसंच. लहान इंजिनाला मोठी नळी दिली की धूर चौकात आल्यासारखा वागतो, आणि कमी वेगातली ओढ जाते. आणि माझा सगळा वेगच कमी.

तरी मी भाच्याचं ऐकलं. सुशिक्षित माणसाला मिस्त्रीचं पटकन ऐकवत नाही, हा एक रोगच आहे. अडीच इंचांवरून दोनवर आणला, दोन तोंडांना नकार दिला, पण सायलेन्सर सरळ नळीचाच. स्टेनलेसचा. मिस्त्री सुट्टीवर होता, म्हणून दुसऱ्या एका वेल्डरकडून बसवून घेतला. त्याने नळी चासीला थेट वेल्ड करून टाकली आणि अभिमानाने सांगितलं, "अब हिलेगा नी."

इथे पहिला धडा. इंजिन रबरावर बसलेलं असतं आणि चालू झालं की डुलतं. त्याच्याबरोबर नळीलाही डुलावं लागतं, म्हणून ती रबराच्या पट्ट्यांवर टांगायची असते. आमची डुलेना. त्यामुळे इंजिनाची थरथर नळीतून चासीत, चासीतून गाडीच्या तळात, तळातून सीटमध्ये आली. पहिल्याच फेरीत आईने पाय वर घेतले आणि म्हणाली, "मसाजची सीट घातलीस का रे? महाग असेल."

दुसरा धडा बायपासवर. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा देखणा ट्रॅक आहे, तिथे देशभरच्या नव्या गाड्यांची चाचणी होते. आमच्यासारख्यांना बायपास. चाळीसपर्यंत आवाज झकास. भाचा मागे बसून माना डोलावत होता. पंचेचाळीसला एक हुंकार सुरू झाला. पन्नासला तो हुंकार गाडीत मावेना. कानात नाही, थेट डोक्याच्या आत. एखादा भिक्षुक कवटीत बसून ॐ म्हणतोय असा. साठला एकदम गायब. पुन्हा पन्नासवर आलो, भिक्षुक हजर.

भाच्याने मोबाइलवर हिशेब मांडला. मिनिटाला दोन हजार फेरे, चार सिलिंडर, प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला साधारण ६७ धक्के. कापूस बारीक आवाज छान पितो, पण इतका खर्जातला आवाज त्याला पचत नाही, आणि गाडीची बंद पेटी त्याच सुरात घुमायला लागते. "सोपं आहे मामा," तो म्हणाला, "पन्नासने चालवू नकोस." आमच्या गाडीला पन्नासच आवडतं हे त्याला कोण सांगणार. शिवाय पोलीस. बुलेटचे फटाके सायलेन्सर काढून त्यांच्यावर रोड रोलर फिरवल्याचे फोटो पेपरात येतात, आणि मोटार वाहन नियमांतला १२० क्रमांकाचा नियम सायलेन्सरबद्दलच आहे, हे मी तोवर वाचलं होतं. चौकात शिट्टी वाजली की मी इंजिन बंद करून गाडी उतारावरून ढकलल्यासारखी नेत असे.

भाच्याने आणखी एक मार्ग सुचवला. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण मग गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. पोहे हे इंधन भरणंच आहे, असा युक्तिवाद मी घरी करून पाहिला. बायकोचं तापमान वाढलं.

शेवटी मूळच्या मिस्त्रीचे पाय धरले. तो काही बोलला नाही, फक्त वेल्डिंग कापताना शिट्टी वाजवत होता. त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कारागिराने कप्प्यांचा सायलेन्सर हाताने बनवून दिला. जुन्याच मापाचा, दीड इंची नळीला, साध्या पत्र्याचा. स्टेनलेस नको का, म्हणून मी विचारलं. "बाऊजी, दस साल चल जाएगा," तो म्हणाला, आणि मला वरपासून खालपर्यंत बघून पुढे म्हणाला, "बहुत है." तळाशी त्याने एक बारीक भोक पाडलं. "पानी के लिए. आपके पोहे का."

मापासाठी जुना सायलेन्सर काढून गॅरेजच्या ओट्यावर ठेवला होता. आई डबा घेऊन आली होती (मिस्त्रीला उपासाचा साबुदाणा, त्याने सकाळीच कचोरी खाल्लेली, पण नाही कसं म्हणायचं), तिने तो पाहिला आणि एकदम हसायला लागली. सायलेन्सरच्या पोटाला पत्र्याचा एक पट्टा गुंडाळलेला होता, तारेने आवळलेला, काळाठिक्कर. मिस्त्रीने खरवडला, तर खालून तुपाच्या डब्यावरचं नारळाचं झाड निघालं.

"हे तुझ्या बाबांनी लावलेलं. तू चौथीत होतास. भेरूघाटात दगड लागून भोक पडलं होतं. म्हणाले, पुढच्या महिन्यात नवा घालू."

"म्हणजे आम्ही लहानपणी ऐकलेला आवाज..."

"भोकाचा."

काकांचा वाघ, काकूंची गिरणी, दोन्ही त्या भोकाचे. आत्यांचं लग्न त्याआधी झालेलं, म्हणून त्यांची पाकळी. मिस्त्रीने मात्र हसणं थांबवून विचारलं, "माताजी, गाड़ी में सिर नी दुखता था?" ओंकारेश्वरला जाताना सगळ्यांची डोकी दुखायची. आम्ही घाटाला दोष द्यायचो, आलेपाक चघळायचो. खाली गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. इतकी वर्षं आम्ही जगलो ते त्या त्रिकोणी काचेमुळे, जी बाबा थंडीतसुद्धा उघडी ठेवायचे. त्यासाठी आई तेव्हा रोज भांडायची. गॅरेजच्या ओट्यावर ती थोडा वेळ काही बोलली नाही.

नवा सायलेन्सर बसला. रबरावर टांगलेला, जोडाला नवी पॅकिंग, कुठे फुसफुस नाही. बायपासवर पन्नासने गेलो, भिक्षुक नाही. समोरच्या काकूंच्या दारावरून दोनदा गेलो, त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

आमच्या घरची जुनी रीत अशी, की गाडी कोपऱ्यावरच्या पिंपळापाशी वळली की आई आत चहाचं आधण ठेवते. बाबांच्या वेळेपासून. मी गेटशी येईतो आधण उकळतं, दार उघडतं. त्या संध्याकाळी मी गेटशी येऊन उभा राहिलो. दार बंद. पाच मिनिटं झाली. शेवटी गाडीत बसूनच फोन लावला.

"आई, दार उघड. मी खाली आलोय."

"आलास? थांब हं, आधण ठेवते," ती म्हणाली. मग क्षणभर काहीच नाही. "अरे, पण गाडी कुठे ठेवून आलास?"