चुलीमागचं वॉशिंग मशीन : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

पावसाळ्याच्या बेगमीवर मी लिहिलं होतं त्याखाली तुम्ही जी मोठी प्रतिक्रिया दिलीत ती दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखी नाहीये, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की पुण्यात स्वतःचा फ्लॅट असलेल्या माणसांनी गावी जाऊन चुलीचे फोटो टाकायचे म्हणजे गरिबीचं कौतुक करायचं, तुमच्या आईने वेल्ह्याकडे जन्मभर धुरात भाकऱ्या थापल्या, मे महिन्यात डोक्यावरून हंडे वाहिले, तिला कुणी हे साधं सुंदर जीवन म्हणून दाखवलं तर ती कोपरापासून हात जोडेल. वर फोटोत चुलीच्या मागे वॉशिंग मशीन दिसतंय म्हणजे साधेपणा नुसता दाखवायला, आणि पोरांना कामाला का जुंपता हाही प्रश्न आहे.

आईंबद्दल तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे, त्यात वाद नाही. माझ्या सासूबाई त्याच पिढीच्या आणि त्याच कामातून गेलेल्या, भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला आमचं गाव, म्हणजे डोळ्यांसमोर एवढं पाणी, ते कालव्याने खाली बारामती-फलटणकडे जातं आणि वरच्या वाड्यांमधल्या बायका उन्हाळ्यात तळाला गेलेल्या विहिरीवर रांगेत. त्यामुळे आम्ही धायरीचा फ्लॅट भाड्याने देऊन इकडे यायचं ठरवलं तेव्हा सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "मी येते, पण हंडा आणि धुणं ह्या दोन गोष्टी मला सांगायच्या नाहीत." त्यांचं हे एक वाक्य आमच्या घरच्या सगळ्या काटकसरीच्या मुळाशी आहे. पहिला पैसा गेला मोटर, पाइप आणि टाकीवर, आणि दुसरा त्या मशीनवर. टीव्ही आजही नाहीये, सोफा नाहीये, जेवायला आम्ही पाटावर बसतो, पण मशीन आहे आणि ते फोटोतून काढायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, कारण ते लपवण्यासारखं आहेच कुठे?

मशीन साधं सेमी ऑटोमॅटिक आहे, त्याला नळाचं प्रेशर लागत नाही, बादलीने पाणी ओतलं तरी चालतं, आणि खळबळलेलं शेवटचं पाणी पाइपने अळूच्या वाफ्यात जातं. इकडे जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, धुकं घरात शिरतं, गोधड्यांना कुबट वास येतो. अशा वेळी पिळून निम्मेशिम्मे कोरडे झालेले कपडे हातात येणं म्हणजे काय हे ज्या बाईने पावसात ओल्या चादरी पिळल्यात तिला विचारा. तुमच्या आईंना विचारा.

आता चूल. रोजचा स्वयंपाक आमचा चुलीवर होत नाही. तो फोटो कुरडयांच्या दिवसाचा आहे. गव्हाचा चीक शिजवायला जे मोठं पातेलं लागतं ते गॅसच्या शेगडीवर नीट बसत नाही, आणि चीक घोटायला दोन माणसं लागतात, म्हणून तो पडवीतल्या चुलीवर, तीन बाजू उघड्या, धूर बाहेर जातो. त्या दिवशी घोटत होता माझा नवरा, फोटोत फक्त त्याचा हात आलाय. दुसरा विस्तव बंबाचा. तांब्याचा जुना बंब अंगणात असतो, त्यात काटक्या, करवंट्या, भुसा असं सगळं जातं आणि सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी तापतं.

रोजच्या स्वयंपाकाला गोबरगॅस आहे. तुम्ही हिशोब मागितलात म्हणून देते. साधारण 25 किलो ताज्या शेणातून एक घनमीटर गॅस मिळतो आणि तो सिलेंडरच्या सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम गॅसइतकं काम करतो. दोन गायी असतील आणि शेण नीट गोळा झालं तर 14.2 किलोच्या सिलेंडरइतकं इंधन महिन्या-सव्वा महिन्यात घरचं होतं. थंडीत गॅस कमी पडतो, कारण आतले जिवाणू थंडीत मंदावतात, म्हणून एक सिलेंडर आमच्याकडे कायम भरलेला असतो. आणि मुख्य म्हणजे शेण तितक्याच पाण्यात कालवायचं काम रोजचं आहे, ते कोणी करायचं? आमच्याकडे नवरा करतो, सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी. हे जर माझ्या नाहीतर सासूबाईंच्या गळ्यात पडणार असतं तर मी सरळ सिलेंडर घेतला असता आणि गोबरगॅसचं नावही काढलं नसतं.

माझं सगळं म्हणणं ह्यातच आलं खरं तर. आमच्या वाडीत घरोघरी सिलेंडर आहेत, 2016 च्या उज्ज्वला योजनेतून कितीतरी घरांत पहिल्यांदा गॅस आला. पण रिफिलचे पैसे एकदम काढायची वेळ आली की सिलेंडर कोपऱ्यात आणि चूल परत पेटलेली, कारण सरपण "फुकट" मिळतं. फुकट कसं? रानात जाऊन तोडणं, मोळी बांधणं, डोक्यावर आणणं, वाळवणं आणि मग धुरात बसणं, ह्या तासांचे पैसे घरात कोणी धरतच नाही म्हणून ते फुकट. तुमच्या आईंच्या बाबतीत हेच झालं आणि तुमचा राग त्याच्यावर आहे असं मला वाटतं, तर तो माझाही आहे. म्हणून आम्ही एखादा खर्च टाळायचा विचार करतो तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की ह्याचं काम कोणाच्या अंगावर येणार. घरचं लोणी-तूप करतो कारण घुसळायला रवी मोटरची आहे. भारंगी, टाकळा, कुर्डू पहिल्या पावसानंतर बांधावर येतं, ते आणायला सगळे मिळून जातो (भारंगी उकडून पाणी पिळून टाकलं नाही तर कडूजहर लागते, पण जमली तर तिच्यापुढे फ्लॉवर-कोबी नको वाटतात). शेवया मात्र विकतच्या, कारण हाताने वळायला सासूबाईंचे खांदे दुखतात आणि मला येत नाहीत.

शेतीवर घर चालतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही. नवरा पुण्यातल्या काही दुकानांचे हिशोब घरी बसून बघतो, फ्लॅटचं भाडं येतं, जमीन सासऱ्यांची वडिलोपार्जित आहे. शेतातून भात, नाचणी, भाजी, दूध, अंडी येतात, तेल, मीठ, साखर, चहा, तुरीची डाळ, औषधं आणि इंटरनेट विकत. इंद्रायणी लावतो, आणि सगळं एकदम भरडून न आणता साळ कणगीत ठेवून लागेल तसं गिरणीवर नेतो, टरफलात असेपर्यंत दाण्याला कीड लवकर लागत नाही. 100 किलो साळीचे 60-65 किलो तांदूळ हातात येतात आणि कोंडा गायींना. लावणी सावडीने होते, आज आमच्या खाचरात तर उद्या शेजारच्यांच्या, आम्हीपण त्यांच्याकडे जातो. पण त्याचंही मी कौतुक करणार नाही. चिखलणीला आता पॉवर टिलर आलाय, तो पुरुष चालवतात, आणि दिवसभर पावसात वाकून आवणं (भाताची रोपं) लावायचं काम अजून बायकांचंच आहे, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही. नवरा आमच्या रांगेत उभा राहून लावायला लागला तेव्हा वाडीतले हसले, आता हसत नाहीत, पण दुसरा कोणी उतरलाही नाही.

पोरांबद्दल. मुलगा बंब पेटवतो, मुलगी कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात घेते, आणि पुढच्या महिन्यात उलट. शेंगा सोलणं, आपापली ताटं घासणं दोघांना. कोयता, फवारणी, विहीर ह्याच्या जवळ कोणी नाही, परीक्षेच्या दिवसांत काहीच नाही. आठवीतल्या मुलाला पाणी तापवता येतं आणि खिचडी लावता येते ह्याला तुम्ही जुंपणं म्हणत असाल तर म्हणा, मला त्याच्या होणाऱ्या बायकोची काळजी आहे.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त पटला, की मुलीच्या अकरावीचं काय, तिला पण इथेच ठेवणार का. नाही. दहावीपर्यंत ती एसटीने भोरला जातेय, पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत आहे, गाडी वेळेवर आली तर काही अडचण नसते आणि नाही आली तर बाबा सोडतात. अकरावीला ती पुण्यात माझ्या नणंदेकडे राहणार, तिला सायन्स घ्यायचंय आणि प्रॅक्टिकलची लॅब तिथे चांगली आहे. त्याचे पैसे वेगळे काढून ठेवलेत, त्यांना आम्ही छप्पर गळलं तेव्हासुद्धा हात लावला नाही, ताडपत्री टाकून तो पावसाळा काढला.

आणि आई अजून गावीच असतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याकडे एकदोन जनावरं असतील आणि शेण कालवायला घरात दुसरं कोणी असेल, तरच गोबरगॅसचा विचार करा. नसेल तर दर महिन्याला सिलेंडर तुम्हीच बुक करून पैसे भरा, त्यांना विचारत बसू नका, त्या नकोच म्हणतील.