‘ऑप्शन कुठला, तेवढं सांगा’

पुन्हा तेच. ऑनलाइन कुणीतरी टाकलेला फिजिक्सच्या गणिताचा तिरका फोटो, अर्धा प्रश्न अंगठ्याच्या सावलीत, आकृती कापलेली आणि खाली एकच ओळ: ‘अर्जंट, प्लीज सोडवा.’ अरे बाबा, तू स्वतः काय करून पाहिलंस? यावर चिडीचूप.

काल अर्धा तास घातला मी. ३०° च्या उतारावर ठोकळा अलगद ठेवलाय, स्थितिक घर्षणाचा गुणांक (घसरण्याआधी पकड किती, तो आकडा) ०.६, त्वरण काढा. एका पठ्ठ्याने सूत्रात आकडे कोंबले, उणे ०.१९ आलं, आणि दिलं ठोकून की ठोकळा उतारावर वर चढतो. वर! आपणहून! घर्षण ढकलतंय म्हणे.

मग बसलो लिहीत. आधी तो घसरतो का ते तरी बघ. उताराच्या कोनाचा टॅन गुणांकापेक्षा जास्त असेल तरच तो घसरणार. टॅन ३०° म्हणजे ०.५७७, ०.६ पेक्षा कमी. म्हणजे जागचा हलतच नाही. घर्षण लागेल तेवढाच जोर लावतं, उगाच जास्त नाही (माणसांपेक्षा शहाणं आहे). त्वरण शून्य. वस्तुमान दिलं नाही म्हणून गळा काढू नकोस, ते समीकरणात दोन्हीकडून उडूनच जातं. वर बलांची आकृती काढून दिली, बाण वेगवेगळ्या रंगांत.

उत्तर आलं: ‘ओके, पण ऑप्शन कुठला?’

दहा मिनिटांनी पठ्ठ्याने प्रश्नच डिलीट केला. माझे बाणही गेले. आता दुसरा कुणी तोच ठोकळा घेऊन येणार, आणि मी परत पेन्सिल शोधणार.

आलाच बघा मेसेज. फोटो आडवा. लोलक दिसतोय बहुतेक.