माथ्याच्या थोडं खाली

कांचनजुंगा शिखरावरचा तुमचा लेख आवडला, पण एक दुरुस्ती. 'जो ब्राउन आणि जॉर्ज बँड यांनी २५ मे १९५५ रोजी कांचनजुंगाच्या माथ्यावर पाय ठेवला' असं लिहिलंय. पाय ठेवलाच नाही हो! सिक्कीमच्या लोकांसाठी हे शिखर पवित्र, म्हणून त्या ब्रिटिश मोहिमेचे नेते चार्ल्स इव्हान्स यांनी माथा न तुडवण्याचा शब्द दिला होता. दोघं काही फूट खालीच थांबले. दुसऱ्या दिवशी वर गेलेल्या हार्डी आणि स्ट्रेदर यांनीही तेच केलं. ८,५८६ मीटरपर्यंत धापा टाकत जायचं आणि शेवटची चार पावलं सोडायची, हे मला चढाईपेक्षा अवघड वाटतं.

ही मोहीम नेपाळच्या बाजूने, यालुंग हिमनदीवरून गेली. सिक्कीमकडची, म्हणजे झेमू हिमनदीवरून ईशान्य धारेची वाट जर्मनीच्या पॉल बाउअरना १९२९ आणि १९३१ मध्ये दोनदा परतवून चुकली होती. ती अखेर १९७७ मध्ये कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेने सर केली. एवढ्या मोठ्या कामगिरीला लेखात एक ओळही नसावी?

आणि पुण्याची गिरिप्रेमी ही गिर्यारोहण संस्था? मे २०१९ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली त्यांचे दहा गिर्यारोहक एकाच मोहिमेत शिखरावर पोहोचले. मराठी लेखात तेही हवं होतं.

बाकी, १८५२ पर्यंत कांचनजुंगा हेच जगातलं सर्वोच्च शिखर मानलं जायचं, हे घरातल्या पोरांना सांगितलं तर विश्वासच बसेना.