‘ट्रम्प जिंकला, विषय संपला’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार. अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांतल्या पॉप्युलिझमवरचा (म्हणजे प्रस्थापितांविरुद्ध सामान्यांचा कैवार घेणाऱ्या राजकारणावरचा) माझा लेख आवडला नाही, इथपर्यंत ठीक. पण ‘एसीत बसून अमेरिकेवर अक्कल पाजळणे’ हा मुद्दा नव्हे, हे नुसतं हिणवणं झालं. २००० च्या बुश-गोर निकालापासून मी तिथले काउंटीवार (जिल्हावार) आकडे चाळत आलोय. तुम्ही निदान राज्यवार तरी बघायचे होते. अपक्ष उमेदवार रॉस पेरोंना मी एका ओळीत गुंडाळलं, हे मात्र मान्य. १९९२ मध्ये १८.९ टक्के मतं घेऊन त्यांना एकही इलेक्टर (अध्यक्ष निवडणारा राज्याचा प्रतिनिधी) मिळाला नाही, कारण ती मतं देशभर पातळ पसरली होती. १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाच्या जॉर्ज वॉलेसने १३.५ टक्क्यांत पाच राज्यं जिंकली, कारण त्याची मतं दक्षिणेत दाटली होती. हे लिहायला हवं होतं. (तुमच्या बाजूने तेही जात नाही, पण असो.)

आता तुमचं ते वाक्य: ‘पॉप्युलिझम चालतो, पुरावा ट्रम्प, १८९६ च्या ब्रायनची मढी कशाला उकरता?’

कशाला, ते ऐका. त्या वर्षी अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट ब्रायनने २२ राज्यं जिंकली, रिपब्लिकन मॅकिन्लीने २३. इलेक्टर मात्र १७६ विरुद्ध २७१. कोलोराडो, नेवाडा, आयडाहो, मोंटाना ही सगळी ब्रायनची, मिळून १३ इलेक्टर. एकट्या ओहायोचे २३. ब्रायनची मागणी होती की सोन्याच्या जोडीने चांदीचीही नाणी सोळास एक या दराने हवी तेवढी पाडा. पैसा मुबलक झाला की धान्याचे भाव चढणार, कॅन्ससच्या शेतकऱ्याचं कर्ज हलकं होणार. पण ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या कामगाराला तेच धान्य विकत घ्यायचं होतं, आणि पगार नेहमी भावामागे रखडतो. मॅकिन्लीने त्याला आयात कराचं संरक्षण देऊ केलं. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन, विस्कॉन्सिन सगळी मॅकिन्लीकडे गेली.

२०१६ मध्ये ट्रम्पने तोच आयात कर उचलून प्रस्थापितांवरच्या रागाला जोडला. मिशिगन १०,७०४ मतांनी, विस्कॉन्सिन २२,७४८, पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी जिंकलं. देशभरात सुमारे २९ लाख मतं कमी पडली तरी या तिघांचे ४६ इलेक्टर पदरात पडले, कारण ४८ राज्यांत पहिला येणारा सगळे इलेक्टर नेतो. २०२० मध्ये तोच माणूस, तीच भाषा, आणि तिन्ही राज्यं हातची गेली. सत्तेत बसून सत्तेविरुद्ध ओरडणं अवघड असतं. २०२४ मध्ये सत्ता बायडन-हॅरिस यांची होती, महागाईचा राग त्यांच्यावर निघाला, राज्यं परत आली. यातून ‘पॉप्युलिझम चालतो’ एवढंच काढायचं असेल तर काढा बापडे.

माध्यमांचा कट आणि हिलरींचे ईमेल यांवरचे तुमचे परिच्छेद लेखाच्या विषयाबाहेरचे, ते सोडतो. पुन्हा लिहिणार असाल तर पेनसिल्व्हेनियातल्या ईरी काउंटीचे २०१२ पासूनचे चार निकाल आधी बघा: ओबामा, ट्रम्प, बायडन, ट्रम्प.