बटाटा मराठी, आलू परका?

परवा मंडईत एका गाळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'आलू ३० रु.' माझ्या पुढचे काका भडकले. "महाराष्ट्रात आहात ना? बटाटा लिहा!" भाजीवाल्या पोरानं निमूटपणे बोटानं 'आलू' पुसलं आणि 'बटाटा' लिहिलं. काका जिंकल्याच्या थाटात दोन किलो घेऊन गेले.

मी गप्प बसलो, पण पोटात दुखतंय म्हणून इथे लिहितो.

काका, आलू हा संस्कृत 'आलु', म्हणजे कंद. आपलं अळू त्यातलंच. रताळं म्हणजे रक्तालु, तांबडा कंद. आणि तुमचा बटाटा? तो कॅरिबियन बेटांवरचा. तिथले टाइनो लोक 'बटाटा' म्हणायचे, तेही बटाट्याला नाही, रताळ्याला! १४९२ नंतर स्पॅनिश लोकांनी हा शब्द उचलला. पुढे पेरूच्या डोंगरांत त्यांना खरा बटाटा भेटला. तिथल्या क्वेचुआ भाषेत त्याचं नाव 'पापा'. युरोपात दोन्ही कंदांच्या नावांची अशी खिचडी झाली की रताळ्याचं नाव बटाट्याला चिकटलं. इंग्रजांचा पोटॅटोही त्यातलाच. पोर्तुगीजांनी ते आपल्या किनाऱ्यावर उतरवलं, आणि आजही पोर्तुगालात रताळ्याला 'गोड बटाटा' म्हणतात.

म्हणजे गंमत बघा. रताळंही अमेरिकेचंच, पण त्याला आपण जुनं संस्कृत नाव देऊन घरात घेतलं. बटाट्याला मात्र रताळ्याचं परदेशी नाव लावून. एकादशीला आमच्याकडे दोन्ही एकाच कुकरमध्ये उकडतात. सालं निघताना रताळ्याचा तांबडा रंग बटाट्यालाही थोडा लागतो. आजी दोन्ही उपासाला चालवायची, कांदा मात्र नाही. कांदा या दोघांच्या कितीतरी आधीपासून इथे आहे, पण आजीला कोण सांगणार!

वडापावाचं तर विचारूच नका. बटाटा पोर्तुगीजांकडून, पाव पोर्तुगीजांकडून, वडा तेवढा संस्कृत 'वटक'. आणि हे सगळं मिळून अस्सल मराठी, यात मला काडीची शंका नाही.

मीही बटाटाच म्हणतो, आलू तोंडात येतच नाही. काचऱ्या बटाट्याच्याच. पण शब्द आपला आहे तो आपण पिढ्यानपिढ्या बटाटा उकडला, परतला, वड्यात भरला म्हणून. त्याच्या जन्मदाखल्यावर भाजीवाल्याशी भांडायला जाऊ नये, तिथे आपणच उघडे पडतो.

काका गेल्यावर पोरगा मला म्हणाला, "दादा, तुम्हाला काय लिहून देऊ?"

म्हटलं, अर्धा किलो दे. आणि रताळी आहेत का बघ.